अशनीतली आघाताची खूण कोणती, आमच्या हातची इजा कोणती: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

तुकडा हातात आला. वजन १४.२ ग्रॅम. वाळवंटात सापडलेला अशनी, सामान्य कॉन्ड्राइट (दगडी अशनींचा नेहमीचा प्रकार), वर्गीकरण एल६, म्हणजे एल गटातला. एका अंगाला काळपट वितळकवच (वातावरणातून येताना वितळलेला बाहेरचा थर) शाबूत आहे. तुटलेल्या अंगावर करड्या दगडातून एक काळी शीर आरपार गेलेली दिसते. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि तिला दोन बारीक फाटे. या शिरेसाठीच हा तुकडा मागून घेतला होता.

एल गटाच्या मूळ लघुग्रहाची सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी मोठी टक्कर झाली. या गटातल्या कित्येक अशनींमध्ये अशा काळ्या शिरा सापडतात. धक्क्याची लाट दगडातून जाताना जिथे घर्षणाने खडक क्षणभर वितळला, तिथे त्या तयार होतात. शीर आणि तिच्या काठचा दगड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, धक्क्याने खनिजांचं काय झालं ते नोंदवायचं, एवढंच काम. त्या सूक्ष्मदर्शकाचे, म्हणजे एसईएमचे, ४५ तास मंजूर झालेत, शिवाय आयन झोताच्या (दगडातून अतिपातळ पातं कोरून काढणाऱ्या) यंत्रावर सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या.

वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवलाय: जे मोडलेलं, वाकलेलं, वितळलेलं दिसेल, ते कोणी केलं? अंतराळातल्या टकरीने, वाळवंटाने, की आम्ही?

८ जानेवारी

पहिली चूक पहिल्याच दिवशी. हिऱ्याच्या पात्याच्या संथ करवतीवर शिरेला काटकोनात काप घेतला. तुकडा राळेत न भिजवता, आणि थंडाव्यासाठी साधं पाणी. काप छान निघाला असं वाटलं.

९ जानेवारी

सकाळी कापाच्या तोंडावर नारिंगी ठिपके. लोह-निकेलचे कण रात्रीत गंजले, गंज कणांच्या कडेने सिलिकेटांच्या भेगांत उतरला. हा दगड वाळवंटात राहिलेला, म्हणजे थोडा जुना गंज आत होताच. आता जुना कुठला आणि कालचा कुठला हे सांगता येणं अवघड. जवळजवळ पाऊण मिलिमीटर घासून टाकावं लागलं, तेव्हा ताजं लोह दिसलं. शिरेचा एक फाटा त्यात गेला.

यापुढे कापताना आणि घासताना पाणी नाही. निर्जल इथेनॉल किंवा तेलावरचं वंगण. प्रत्येक पायरीनंतर इथेनॉलने धुवायचं, गरम हवेने लगेच सुकवायचं, आणि रात्री तुकडा सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात.

१३ ते १७ जानेवारी

मार्गदर्शक मॅडमनी उरलेला तुकडा बघितला आणि एकच विचारलं, "या तड्या कापण्याआधीच्या की नंतरच्या, हे तू कसं सांगणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर राळेत आहे. दुसरा तुकडा निर्वातात ठेवला, भेगांतली हवा काढली, मग पातळ इपॉक्सी सोडली आणि हवा परत आत घेतली. दाबाने राळ भेगांत शिरते. ती घट्ट झाल्यावरच करवत. आता हिशेब सोपा. ज्या भेगेत राळ आहे ती कापण्याआधी होती. जी रिकामी आहे ती आमच्या करवतीची किंवा घासण्याची. जिच्यात ट्रॉइलाइट (लोहाचं सल्फाइड) किंवा वितळलेला माल भरलाय, ती त्याहून जुनी, धक्क्याच्या वेळची. राळ मागे उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत काळी दिसते, रिकामी भेगही काळीच दिसते. म्हणून संशय आला की ईडीएसवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या उपकरणावर) बघायचं. राळेत कार्बनचं शिखर उंच येतं, सोबत थोडं क्लोरिनही.

राळ खोलीच्या तापमानालाच घट्ट होऊ दिली, दीड दिवस गेला. ओव्हनमध्ये लवकर झाली असती, पण आकसताना ती काठावरचे कण ओढते, म्हणून थांबलो.

कापातून उरलेली एक चकती काचेवर चिकटवून ३० मायक्रोमीटरचा पातळ काप करायला दिला. तेव्हा हे "असावं म्हणून" केलं होतं. पुढे याच कापाने दोनदा वाचवलं.

२४ जानेवारी

घासकाम. सिलिकॉन कार्बाइडचा कागद ६०० आणि १२०० नंबर, मग हिऱ्याची पेस्ट ६, ३, १ आणि पाव मायक्रोमीटर. लोह मऊ, ऑलिव्हिन (मॅग्नेशियम-लोहाचं सिलिकेट) कडक, ट्रॉइलाइट मधलं. मऊ कापडावर जास्त वेळ दिला तर लोहाच्या कणाभोवती खळगा पडतो आणि कडेचे सिलिकेट गोलसर होतात. ७० अंशांत कललेल्या नमुन्यात अशी गोलसर कड म्हणजे ईबीएसडीला (उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांवरून स्फटिकजाळी ओळखणाऱ्या पद्धतीला) सावली. ३ मायक्रोमीटरपर्यंत कडक कापड आणि प्रत्येक पायरीला कमी वेळ, हा तोडगा निघाला.

शेवटी कोलॉइडल सिलिका, हाताने २० मिनिटं. ती पाण्यातच येते, पण अल्कधर्मी असल्याने गंज पटकन धरत नाही. कापड ओलं असतानाच नमुना धुवायचा, हे मात्र विसरायचं नाही. मी दोन मिनिटं उशीर केला. सिलिका सुकून पृष्ठभागावर चिकटली. दुसऱ्या दिवशी ईडीएसवर भेगांत शुद्ध सिलिकाचे बारीक कण दिसायला लागले, आणि अर्धा तास मी त्यांना अशनीतलं खनिज समजत होतो. सगळे कण सारख्या आकाराचे आणि फक्त खळग्यांत, यावरून खरं काय ते कळलं. परत घासलं.

३० जानेवारी (यंत्राचे तास: ३, उरले ४२)

कार्बनचा सुमारे २० नॅनोमीटर थर देऊन पहिल्यांदा एसईएममध्ये. १५ किलोव्होल्ट.

हे दृश्य मी विसरणार नाही. शिरेबाहेर ऑलिव्हिन, पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारचे कण, अंगभर तडे. शिरेत शिरलं की एकदम वेगळं जग. अतिशय बारीक दाण्यांचा पाया, त्यात पांढरे शुभ्र थेंब, लोह आणि ट्रॉइलाइट एकमेकांत गुंफलेले. थेंब गोल आहेत, म्हणजे ते द्रव होते. अधेमधे आजूबाजूच्या दगडातले तुकडे अडकलेत, काही कडेने विरघळायला लागलेले. शिरेच्या काठापासून मध्याकडे दाण्यांचा आकार वाढत जातो. काठ आधी थिजला, मध्य नंतर.

ऑलिव्हिनमध्ये फायालाइट (त्यातला लोहाचा घटक) २४ ते २५ टक्के. एल गटाला हे बसतं. वर्गीकरण आधीच झालेलं असलं तरी हे एकदा स्वतः तपासावं, मगच पुढची मोजमापं आपली म्हणता येतात.

अडचण एकच आली, प्रतिमा सरकत होती. राळेवर विद्युतभार साठत होता. नमुन्याच्या कोपऱ्यापासून धारकापर्यंत कार्बनची चिकटपट्टी आणि चांदीच्या लेपाचा ठिपका दिला, आणि सरकणं थांबलं. तेवढ्यात चाळीस मिनिटं गेली.

४ फेब्रुवारी (५ तास, उरले ३७)

पहिली ईबीएसडी. थर पातळ हवा म्हणून कार्बन काढून पुन्हा जेमतेम ४ नॅनोमीटर दिला. २० किलोव्होल्ट, नमुना ७० अंशांत. ऑलिव्हिनचे पट्टे फिके पण ओळखू येण्याजोगे. पायरॉक्सिनचेही. प्लॅजिओक्लेजच्या एकाही कणातून काही नाही. सगळीकडे नुसता करडा पडदा.

मी वहीत ठळक लिहिलं: "मॅस्केलिनाइट, सर्वत्र." जोरदार धक्क्याने फेल्डस्पार न वितळता जागच्या जागी काचेसारखं होतं, त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांनी १८७२ साली ते प्रथम वर्णिलं, १८६५ मध्ये बिहारात पडलेल्या शेरघाटीच्या अशनीतून. लोणार विवराच्या बसाल्टमध्येही ते सापडतं. काचेला स्फटिकजाळी नसते, म्हणून पट्टे येत नाहीत. तर्क सरळ वाटला.

त्याच दिवशी नकाशात शिरेजवळ दोन जागी सॉफ्टवेअरने "रिंगवुडाइट" दाखवलं. रिंगवुडाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली झालेलं ऑलिव्हिनचं रूप. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आधी पातळ काप बघ. आज काहीही जाहीर करू नकोस."

५ फेब्रुवारी

साध्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप. शिरेपासून लांबचं प्लॅजिओक्लेज दोन ध्रुवकांमध्ये चांगलं उजळतं, फिरवलं की लाटेसारखं मावळतं. म्हणजे ते स्फटिकच आहे, फक्त जाळी वाकलेली. पूर्ण काळं राहणारं प्लॅजिओक्लेज फक्त शिरेच्या कडेच्या एका अरुंद पट्ट्यात.

मग ईबीएसडीत पट्टे का नव्हते? कारण घासकामाने सर्वांत वरचा थर मोडलेला होता. ईबीएसडी पृष्ठभागाखालचे काही दशक नॅनोमीटरच बघते, आणि तेवढा थर आमच्या हिऱ्याच्या पेस्टनेच खिळखिळा केला होता. ऑलिव्हिन त्यातून तरलं, फेल्डस्पार नाही. धक्क्याने झालेली काच म्हणून मी जे लिहिलं ते माझ्या हातचं होतं.

"सर्वत्र" खोडलं. खोडलेलं तसंच ठेवलंय, शाई लावून बुजवलं नाही.

आणि ते दोन "रिंगवुडाइट" कण? ईडीएसमध्ये क्रोमियम भरपूर. ते क्रोमाइट. रिंगवुडाइट आणि क्रोमाइट दोघांची रचना स्पिनेलचीच, पट्टे जवळपास सारखे पडतात. मी खनिजांच्या यादीत क्रोमाइट घातलंच नव्हतं, तर बिचारं सॉफ्टवेअर त्याला उपलब्ध असलेलं स्पिनेल निवडणार. ईबीएसडी लावताना ईडीएस सोबत चालू ठेवावं. पाच तासांत ते चालू असतं तर फोन करायची वेळ आली नसती.

७ ते १० फेब्रुवारी

कंपन करणाऱ्या पॉलिश यंत्रावर कोलॉइडल सिलिका, हलकं वजन, चार तास. पहिल्यांदा सलग ठेवलं तर लोहाभोवती खळगे खोल झाले. पुन्हा १ मायक्रोमीटरपासून सुरुवात, मग एक-एक तासाचे चार टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर धुऊन बघणं. तीन दिवस यातच गेले. सगळ्या प्रकल्पात याहून सार्थकी लागलेला वेळ नाही.

११ फेब्रुवारी (४ तास, उरले ३३)

लांबच्या प्लॅजिओक्लेजमधून पट्टे आले! फिके, पण आले. शिरेजवळच्या पट्ट्यात अजूनही काही नाही, आणि तिथे पातळ कापही काळाच होता. दोन्ही साक्षी जुळल्या.

तरीही "मॅस्केलिनाइट" लिहायला आज हात आवरला. शिरेला खेटून फेल्डस्पारचं लिंगुनाइट (त्याचं अतिदाबातलं रूप) होऊ शकतं. ते स्फटिकरूप आहे, पण इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली फार लवकर मोडतं आणि पट्टे दिसण्याआधीच काच होऊन बसतं. शिवाय वितळून थिजलेली साधी काचही असू शकते. साध्या काचेत वाहिल्याच्या खुणा, बुडबुडे दिसतात. मॅस्केलिनाइट मूळ कणाचा आकार राखून असतं, आत भेगा नसतात. आमच्या पट्ट्यात शेजारचं ऑलिव्हिन तड्यांनी भरलेलं आणि फेल्डस्पारचं अंग गुळगुळीत, कडा मूळच्या. लिंगुनाइटचा निकाल रामन वर्णपटाने (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखण्याच्या पद्धतीने) लागेल, तोही जिथे झोत फिरलेला नाही अशा कणावर. असे चार कण नकाशावर राखून ठेवले, त्यांच्यावर झूमही करायचं नाही असं ठरवलं.

याच दिवशी सोडियमचा घोळही सापडला. फेल्डस्पारवर झोत एका बिंदूवर रोखून धरला की सोडियम सरकून जातं. पहिल्या दहा सेकंदांतला आकडा आणि साठ सेकंदांचा आकडा जुळेना. झोत पसरून, ८ मायक्रोमीटर व्यासाचा करून आणि विद्युतप्रवाह कमी करून घेतलं, तेव्हा स्थिर आलं. ३० जानेवारीची फेल्डस्पारची सगळी विश्लेषणं रद्द केली.

१४ फेब्रुवारी (११ तास, उरले २२)

रात्रभराचा मोठा नकाशा. ३०० × २०० मायक्रोमीटर, दोन बिंदूंत ०.२ मायक्रोमीटर. १५ लाख बिंदू, सेकंदाला ४०, म्हणजे साडेदहा तासांच्या आसपास. रात्री लावून घरी गेलो.

सकाळी बघतो तर नकाशा वरून खाली तिरपा होत गेलेला, सरळ शीर धनुष्यासारखी वाकलेली. ४ नॅनोमीटरच्या थरावर इतके तास भार साठत राहिला, आणि नमुना सरकत गेला. खालचा अर्धा भाग निरुपयोगी. अकरा तास एका रात्रीत गेले. हिशेब आधी कागदावर केला असता तर कळलं असतं की इतका बारीक टप्पा शिरेबाहेरच्या मोठ्या कणांना लागतच नाही.

२१ फेब्रुवारी (६ तास, उरले १६)

तेवढंच क्षेत्र, ०.५ मायक्रोमीटरचा टप्पा. २ लाख ४० हजार बिंदू, १ तास ४० मिनिटं. असे तीन नकाशे: शिरेला लागून, एक मिलिमीटरवर आणि चार मिलिमीटरवर. प्रत्येकाआधी झोत पंधरा मिनिटं स्थिरावू दिला. तिन्ही नकाशे सरळ आले.

ऑलिव्हिनच्या नकाशात आधी धक्काच बसला. एकाच कणात ६० अंशांनी फिरलेले ठिपके विखुरलेले. जुळी स्फटिकं असं लिहिणार होतो. पण सगळे ठिपके एक-एक बिंदूचे, आणि फिरण्याचा अक्ष कायम तोच, १०० (असे आकडे म्हणजे स्फटिकातल्या दिशांची, प्रतलांची नावं). ऑलिव्हिनची रचना त्या अक्षाभोवती जवळपास षट्कोनी असल्याने सॉफ्टवेअर चुकतं. जास्त पट्टे मोजायला लावले, ठिपके गेले. जिथे नंतरही राहिले ते एकटे बिंदू साफ केले. मात्र किती बिंदू साफ केले हे नोंदवलंय, सगळे मिळून दोन टक्क्यांहून कमी. साफसफाईचं बटण दाबत राहिलं तर कुठल्याही दगडाचा सुंदर नकाशा निघतो, म्हणून हा आकडा सोबत असायला हवा.

खरं मोल त्यानंतर दिसलं. चार मिलिमीटरवरच्या ऑलिव्हिन कणात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी ३ ते ४ अंश वळलेली, हळूहळू. शिरेला लागून असलेल्या कणांत ती सलग वळत नाही. कण लहान-लहान ठोकळ्यांत विभागलेला, प्रत्येक ठोकळा शेजाऱ्यापासून एक-दोन अंश वेगळा, एकूण फरक १२ अंशांपर्यंत. पातळ कापात हे कण ठिगळं लावल्यासारखे तुकड्या-तुकड्यांनी मावळतात. ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली शतकभर लोक डोळ्यांनी जे बघत आले, ते इथे अंशांत मोजून मिळालं. आणि हे घासकामाने झालेलं नाही याची खात्री कशी? घासकामाची इजा शिरेपासूनचं अंतर बघून कमी-जास्त होत नाही.

२६ फेब्रुवारी

रामन. राखून ठेवलेल्या चारही कणांवर अस्फटिक फेल्डस्पारचे रुंद उंचवटे, लिंगुनाइटचं टोकदार शिखर कुठेच नाही. आता मॅस्केलिनाइट लिहिलं, "शिरेलगतच्या पट्ट्यात" असं जोडून.

शिरेत अडकलेल्या ऑलिव्हिनच्या तुकड्यांकडे वळलो. पातळ कापात त्यातल्या दोघांवर फिकट निळसर झाक आहे, हे ५ फेब्रुवारीला दिसलं होतं आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. लेझर टाकला. ऑलिव्हिनची जोडशिखरं ८२० आणि ८५० च्या आसपास येतात. इथे ७९५ आणि ८४० च्या आसपास आली. रिंगवुडाइट. या वेळी क्रोमियम नाही, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिकॉनच, तेही शेजारच्या ऑलिव्हिनच्या जवळपास त्याच प्रमाणात.

तिसऱ्या कणावर उत्साहात लेझरची ताकद वाढवली, शिखर स्पष्ट यावं म्हणून. शिखरं डोळ्यांदेखत बुटकी झाली आणि रुंद उंचवटा उरला. उष्णतेने खनिज मोडलं. प्रचंड दाबाखाली जन्मलेलं, पुढे कोट्यवधी वर्षं टिकलेलं ते खनिज मी काही सेकंदांत घालवलं. त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

६ मार्च (५ तास, उरले ११)

निळसर तुकडे ईबीएसडीवर, या वेळी ईडीएस सोबत आणि यादीत ऑलिव्हिन, रिंगवुडाइट, क्रोमाइट, मॅग्नेटाइट चौघंही. टप्पा ०.१ मायक्रोमीटर, पण क्षेत्र फक्त ३० × २० मायक्रोमीटर. एक मूळ ऑलिव्हिन कण, पण आता त्यात एका मायक्रोमीटरहून लहान असे शेकडो रिंगवुडाइट दाणे, दिशा वेगवेगळ्या. कणाच्या मध्यात अजून थोडं ऑलिव्हिन शिल्लक. बदल पूर्ण व्हायला वेळ मिळाला नाही.

निसर्गातलं रिंगवुडाइट पहिल्यांदा १९६९ मध्ये सापडलं ते ऑस्ट्रेलियातल्या टेनहॅम अशनीच्या अशाच शिरांमध्ये. तो अशनी १८७९ मध्ये पडलेला, म्हणजे नव्वद वर्षं ते तिथेच होतं.

११ मार्च (आयन झोत, पाळी १)

रिंगवुडाइट आणि ऑलिव्हिनच्या सीमेवरून पातं काढायचं होतं. वर प्लॅटिनमचं संरक्षण, दोन्ही बाजूंनी खणलं, सुईने उचललं, जाळीवर चिकटवलं. पातळ करताना ३०० नॅनोमीटरवर पातं मधून तुटलं. वरून न दिसणारी एक तिरकी भेग आतून गेली होती, तिच्यात राळ पोहोचली नव्हती. सहा तास आणि चांगली सीमा, दोन्ही गेलं. पुढच्या वेळी आधी शेजारी छोटा खड्डा खणून आतली बाजू बघायची, मगच पातं.

१९ मार्च (आयन झोत, पाळी २)

आधी खड्डा, पंचवीस मिनिटं. भेग नाही. मग पातं, सुमारे १० × ५ मायक्रोमीटर, १०० नॅनोमीटरपर्यंत ३० किलोव्होल्टवर.

२३ मार्च

टीईएम, म्हणजे पात्यातून आरपार इलेक्ट्रॉन पाठवणारा सूक्ष्मदर्शक. विवर्तनाच्या चित्रात ठिपके (स्फटिकाची खूण), पण सर्वांवर धुरकट कडं. म्हणजे अस्फटिक माल. मनात पहिला विचार: धक्का ओसरल्यावर गरम राहिलेलं रिंगवुडाइट अर्धवट मोडलंय. दीड महिन्यापूर्वी हेच वहीत उतरवलं असतं. या वेळी आधी शिल्लक ऑलिव्हिनवर बघितलं. तिथेही तेच कडं, तेवढंच. ऑलिव्हिनला मोडायचं कारण नाही. ३० किलोव्होल्टचे गॅलियम आयन दोन्ही बाजूंना वीसेक नॅनोमीटरचा थर अस्फटिक करतात. १०० नॅनोमीटरच्या पात्यात त्याचा वाटा मोठा. पातं परत नेऊन ५ आणि मग २ किलोव्होल्टवर दोन्ही बाजू हलक्या हाताने साफ केल्या. पाळीबाहेरचा तासभर यंत्र सांभाळणाऱ्यांनी मोठ्या मनाने दिला.

२७ मार्च

कडं जवळपास गेलं. रिंगवुडाइटच्या दाण्यांत थरांची चुकलेली रचना दिसते, ११० प्रतलांवर समांतर रेघा, विवर्तनात ठिपक्यांना शेपट्या. शेजारच्या ऑलिव्हिनमध्ये स्थानभ्रंशांची (जाळीतल्या रेषेसारख्या दोषांची) दाटी, बहुतेक सरळ लांब रेघा, ००१ दिशेचे. वेगाने आणि थंड असताना ताणलेल्या ऑलिव्हिनमध्ये असेच येतात; सावकाश, तापून वाकलेल्यात ते वळणदार आणि रांगांत लागलेले दिसतात.

दाबाचा आकडा लिहायची वेळ आली. श्टॉफलर, काइल आणि स्कॉट यांच्या १९९१ च्या धक्क्याच्या श्रेणीत (एस१ ते एस६) रिंगवुडाइट दिसलं की एस६, आणि तक्त्यात एस६ समोर ७५ ते ९० गिगापास्कल. तो आकडा मी लिहिला नाही. त्या आकड्यांमागचे प्रयोग प्रयोगशाळेतले, जिथे दाब मायक्रोसेकंद टिकतो. लघुग्रहांच्या टकरीत तो कितीतरी जास्त काळ टिकतो, आणि वितळलेल्या शिरेची उष्णता शेजारीच असते, त्यामुळे खनिजाला कमी दाबावरही बदलता येतं. रिंगवुडाइट स्वतः साधारण १८ ते २३ गिगापास्कलमध्ये स्थिर. शिरेचा पाया थिजला तेव्हा दाब या टापूत होता, एवढं या पात्यावरून म्हणता येतं. अहवालात: "एकूण दगड एस५ च्या खाली, शिरेलगत स्थानिक एस६, शीर थिजतानाचा दाब वीसेक गिगापास्कल." मॅडमनी वाचून फक्त "स्थानिक" शब्दाखाली रेघ मारली आणि सही केली.

३० मार्च

एक गोष्ट उरली. पात्याच्या शिरेकडच्या कोपऱ्यात सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचे काही दाणे आहेत, घटक पायरॉक्सिनचे. पहिल्या नजरेत विवर्तनाचे ठिपके होते. कॅमेरा लावेपर्यंत, अर्ध्या मिनिटात, ते विरले. ब्रिजमनाइट (पायरॉक्सिनचं अतिदाबातलं रूप) झोताखाली असंच मोडतं. टेनहॅममधून त्याला नाव मिळायला २०१४ साल उजाडलं, आणि तेही क्ष-किरणांच्या विवर्तनावरून. पण झोताखाली विरणारं प्रत्येक खनिज ब्रिजमनाइट नसतं. वहीत लिहिलंय: "अस्फटिक, आमच्या झोताने, मूळ रचना नोंदवता आली नाही."

त्याच सीमेवर अजून तीन मायक्रोमीटरचा भाग ठोकळ्यात शिल्लक आहे. त्यावर एसईएमचाही झोत फिरवायचा नाही, अशी चिठ्ठी डब्यावर चिकटवली. तिथून पातं काढायला नवी पाळी मागितली आहे. थंड धारकावर, कमीत कमी मात्रेत, आणि प्रतिमा घेण्याआधी विवर्तन. एसईएमचे ११ तास परत केले.